ब्याऐंशी गुणांची मावशी

गेल्या वर्षीच्या पाहणीचे अर्ज आमच्या आरोग्य केंद्राच्या कपाटात धूळ खात पडले होते. ती पाहणी कोणाला कोणता आजार, कोण कुठल्या गोळ्या घेतं, एवढं मोजायला होती. नवीन आलेल्या आकडेसाहेबांनी त्यातून वेगळीच जादू काढली. चालता येतं का, दुखतं का, मन कसं आहे, या उत्तरांवरून रुग्णाचं आयुष्य कसं चाललंय त्याला शंभरपैकी गुण. साठाच्या वर गेलात, की घरी येऊन व्यायाम करून घेणारी बाई बंद.

यादी घरोघर सांगायचं काम अर्थातच माझं, आरोग्यसेविकेचं. माझ्या वस्तीतली पाहणीही मीच केली होती. पहिल्याच घरी अडले. शिंपीण मावशीला ब्याऐंशी! अर्धांगवायूने उजवा हात गेलेला, व्यायामवालीमुळे बोटं आत्ता कुठे उघडायला लागलेली, आणि ब्याऐंशी. मला शाळेत कधी पडले नाहीत एवढे.

दुसऱ्या दिवशी सुनेचा दंड धरून, चार पावलांवर थांबत, मावशी थेट केंद्रात आली.

"वाच माझी उत्तरं."

"कपडे स्वतः घालतात. दुखणं नाही. मन प्रसन्न."

"कोण गं ही बाई? मला भेटव एकदा."

सून खाली बघत म्हणाली, "दारात परकं माणूस विचारतंय सासूबाई कशा आहेत. हाल आहेत म्हणून सांगू? चांगल्या आहेत म्हटलं."

अर्जाच्या तळाशी एक चौकट असते: उत्तर कोणी दिलं, स्वतः की दुसऱ्याने. 'दुसऱ्याने' म्हटलं की त्या घरी पुन्हा खेप. म्हणून आम्ही सगळ्या सेविका 'स्वतः'वर खूण करून मोकळ्या. तेव्हा मोजायच्या होत्या गोळ्या; त्या सुनेने सांगितल्या तरी तेवढ्याच भरतात!

"माहिती आता बदलता येत नाही," साहेब म्हणाले.

मी पिशवीतून वही काढून त्यांच्यासमोर आपटली. दार कोणी उघडलं, कोण बोललं, हे रोज लिहायची मला खोड आहे. रुग्ण एकशे चाळीस. स्वतः बोललेले एक्कावन्न.

"म्हणजे खोट्या खुणा केल्यात? नोकरीवर बेतेल तुमच्या."

"बेतू दे. मी लेखी देते. यादीही खोटी आहे, हे तुम्ही लेखी द्या."

साहेबांच्या पेनाचं टोपण काही निघेना.

सुनेने ओढलेल्या खुर्चीवर मावशी बसली. "कोरा अर्ज काढ."

"कपडे स्वतः घालता येतात?"

"हो, म्हणजे थोडे..." सून सवयीने बोलली.

"तू गप," मावशी म्हणाली. दंड मात्र सोडला नाही. "नाही. लिही."

"दुखतं?"

"खांदा. रोज."

"मन?"

"आज झकास! भांडायला मिळालं ना."

शेवटच्या चौकटीपाशी तिने माझं पेन डाव्या हातात ओढून घेतलं. 'स्वतः'वरची खूण वाकडीतिकडी, पार चौकटीबाहेर गेली. "बघा साहेब, मावते का तुमच्या गणितात."

यादी घडी घालून मी वहीत ठेवली. माझ्याशिवाय ती कोणाच्या दारात जात नाही. मावशी सोडून स्वतः न बोललेल्या बाकीच्यांसाठी अठ्ठ्याऐंशी कोरे अर्ज मोजून पिशवीत भरले आणि साहेबांना न विचारता बाहेर पडले.