लोकल, गावठी आणि घरचं

लातुरात उन्हाळ्याची सुट्टी तीन दिवसांची असते. डॉक्टरकीची प्रवेश परीक्षा झाली की पोरं उत्तरतालिका समोर घेऊन रडायला बसतात, आणि त्यांचं रडून होईपर्यंत क्लासवाल्यांना मोकळीक मिळते. चौथ्या दिवशी त्यातलीच निम्मी पोरं रिपीटरच्या बॅचला हजर होतात. व्यंकट बिरादार अशाच एका खाजगी क्लासमध्ये प्राणिशास्त्र शिकवायचा. अकरा वर्षांत त्यानं बेडकाचं हृदय साडेतीनशे वेळा फळ्यावर काढलं होतं आणि बायकोला, सत्यशीलेला, फिरायला एकदाही नेलं नव्हतं.

या वर्षी मात्र नेणं भाग होतं, कारण तनुजा मुन्नारला जाऊन आली होती.

तनुजा म्हणजे व्यंकटच्या धाकट्या भावाची बायको, सत्यशीलेची जाऊ. राहायला वरच्या मजल्यावर, आणि वागायलाही. मुन्नारहून तिनं चॉकलेट आणलं, चहा आणला, आणि पिशवीत न मावणारी आणखी एक गोष्ट आणली. ती म्हणजे ‘लोकल’ हा शब्द.

“ताई, हे लोकल चॉकलेट. तिथंच बनतं. आणि हा लोकल चहा. फिरायला गेलं की लोकलच घ्यायचं असतं. कंपनीचं काय, चौकातही मिळतं.”

गल्लीतल्या सात बायकांना तिनं सुरीनं एकेक तुकडा कापून दिला. सत्यशीला घरचीच, म्हणून तिचा नंबर शेवटी लागला आणि तिच्या वाट्याला चुरा आला. सत्यशीलेनं चुरा खाल्ला, वर बिनदुधाचा चहा गिळला, “छान आहे” म्हणाली, शांतपणे जिना उतरली आणि नवऱ्यासमोर उभी राहिली.

“अहो, पुढच्या रविवारी त्या सातही जणींना चहाला बोलावलंय मी. तनुजालापण.”

“कशाबद्दल?”

“आपण सहलीहून लोकल चॉकलेट आणि लोकल चहा आणलाय, त्याबद्दल.”

“आपण कुठं गेलो होतो?”

“ते तुम्ही ठरवा.”

तीन दिवसांत मुन्नार बसत नव्हतं. एसटीच्या वेळापत्रकात बसत होतं ते नांदेड, आणि नांदेडपासून पुढं किनवटच्या रस्त्याला इस्लापूर. तिथं जवळच पैनगंगेवर सहस्रकुंडाचा धबधबा. व्यंकटनं मोबाईलवर त्याचे फोटो दाखवले. फोटो ऑगस्टमधले होते, हे त्यानं सांगितलं नाही. प्रत्यक्षात धबधबा होता तिथंच होता, कडे होते, कपारी होत्या, कुंडं होती, फक्त पाणी नव्हतं. दोघं अर्धा तास काळ्या खडकाकडं बघत उभे राहिले. एक म्हातारा शेळ्या घेऊन धबधब्यातून चालत वर आला आणि म्हणाला, “जुलैत या.”

सत्यशीला वळून चालायला लागली. तिला पाण्याशी कर्तव्य नव्हतंच. पाणी काही रविवारी बशीत घालून देता येत नाही.

इस्लापुरात परतल्यावर ती सरळ रस्त्याकडेच्या एका किराणा दुकानात शिरली. दुकान शेषेरावांचं. गळ्यात गमछा, कपाळाला बुक्का, आणि समोर बरण्यांची रांग.

“भाऊ, लोकल चॉकलेट आहे का?”

शेषेरावांच्या हातातला तराजू अधांतरी थांबला. “काय म्हणल्या?”

“लोकल चॉकलेट. आणि लोकल चहापत्ती.”

व्यंकटनं तिला मागून कोपरानं ढोसलं. मुन्नारात ‘लोकल’चा अर्थ काय असेल तो असो. नांदेड-लातूर जिल्ह्यांत लोकल म्हणजे नकली. लोकल म्हणजे दोन दिवसांत जळणारा बल्ब, पहिल्या पावसात तुटणारी चप्पल. गेल्याच महिन्यात त्यानं प्लंबरला दम भरला होता, “लोकल नळ बसवलास तर याद राख.” सत्यशीलाही तेव्हा मान डोलवत शेजारी उभी होती. पण तनुजानं आणलेल्या शब्दाचं तिच्यावर असं काही गारूड झालं होतं, की जन्मापासून कानावर असलेला अर्थ ती आठ दिवसांत विसरली होती.

“ताई,” शेषेराव म्हणाले, “बावीस वर्सं झाली दुकानाला. येक वस्तू लोकल दाखवा, दुकान तुमच्या नावानं करून देतो.” आणि त्यांनी एकेक बरणी खाली उतरवायला सुरुवात केली. “ही गोळी, कंपनीची. हे बिस्कूट, कंपनीचं. ह्यो साबण, कंपनीचा. झाडू बघा, झाडूबी कंपनीचा हाय!”

“अहो, पण मला कंपनीचं नकोच आहे!”

“म्हंजी लोकलच पायजे?”

“हाव!”

शेषेरावांनी तिच्याकडं बघणं सोडलं आणि ते हात जोडून व्यंकटकडं वळले. “साहेब, तपासणीला आलात का?”

“नाही हो. मी प्राणिशास्त्र शिकवतो.”

हे सांगून काही भागलं नाही. तपासणीवाला साहेब आपण तपासणीवाला आहोत असं सांगत नसतो, हे गावात पोरासोरालाही माहीत असतं.

दोघं रस्ता ओलांडून समोरच्या चहाच्या हॉटेलात गेले. पण बातमीनं रस्ता त्यांच्याआधी ओलांडला होता. हॉटेलवाला मडिवाळप्पा देगलूरकडचा. त्यानं या दोघांना येताना बघून सुट्या पत्तीची पिशवी पायानंच बाकाखाली सारली, बाक फडक्यानं पुसला, मग तेच फडकं टाकून दुसरं घेतलं आणि पुन्हा पुसला.

“दोन लोकल चहा,” सत्यशीला म्हणाली.

“लोकल इल्ला, अक्का!” मडिवाळप्पा घाबरून मायबोली कानडीत गेला. “सगळा पॅकिंग माल. दूधबी पॅकिंग.” आणि त्यानं दोघांना असा चहा दिला, की वरची साय कापायला कात्री लागली असती.

सत्यशीलेनं कपात बघितलं. “दुधाचा आहे हो हा,” ती म्हणाली, आणि तिनं कप बाजूला सारला. “आज शुक्रवार. परवा आठ जणी येतील. तनुजा विचारील, काय आणलं ताई? मी काय दाखवू? खडक?”

व्यंकटला ते बघवेना. अकरा वर्षांच्या संसारात बायकोनं त्याच्याकडं मागितलेली ही पहिलीच अशी वस्तू होती, जी वाण्याच्या यादीत नव्हती. “तू बस इथं,” तो म्हणाला. “शब्द चुकतोय. मी बदलून बघतो.”

विचाराअंती त्याला शब्द सापडला, तो म्हणजे ‘गावठी’. अंडी गावठी असली की चांगली. कोंबडी गावठी, तूप गावठी, लसूणसुद्धा गावठीच मागून घेतात. या शब्दाला नाव ठेवायला जागा नव्हती. तो पुन्हा शेषेरावांच्या दुकानात गेला. मघाच्या प्रकारानं ओशाळला होता, म्हणून गल्ल्यावर वाकून हळू आवाजात म्हणाला, “लोकल राहू द्या. गावठी मिळेल का?”

शेषेरावांचा चेहरा एकदम उजळला. बावीस वर्षांच्या दुकानावर आलेलं संकट टळलं होतं. तपासणीवाला साहेब काहीही करील, पण गावठी मागणार नाही.

“मग आधीच बोलायचं की साहेब! मघापासून लोकल लोकल काय करून राहिलात. दुकानात नसती ती. वड्याच्या काठाला मिळती.” मग त्यांनी समोरच्या हॉटेलाकडं नजर टाकली. “पर बाईमाणूस संगं हाय...”

“तिलाच पाहिजे,” व्यंकट म्हणाला. “मला तेवढी आवड नाही.”

शेषेरावांनी गमछा गळ्यातून काढून हातात घेतला.

“रविवारी तिनं सात बायका बोलावल्यात,” व्यंकटनं खुलासा केला. “जाऊ धरून आठ. दरवेळी जाऊच देते, म्हणून या वेळी हिची इच्छा आहे.”

“आठ बाया,” शेषेराव म्हणाले.

“आठ. थोडंथोडंच देणार. चवीपुरतं.”

“भर दिवसा?”

“संध्याकाळी. चहाबरोबर.”

शेषेरावांनी गमछ्यानं मान पुसली. “लातूर लई पुढं गेलं म्हणायचं,” ते शेवटी म्हणाले. “मंग पाच लिटरचा क्यान पुरंल तुमाला.”

“लिटर?” व्यंकट म्हणाला, आणि लिटर या शब्दाबरोबर त्याच्या डोक्यात मोहाच्या फुलांपासून पोलिस ठाण्यापर्यंतचा सगळा प्रकार लख्ख उजळला. “नाही, नाही, नाही! ती गावठी नाही! चॉकलेट! गावठी चॉकलेट!”

नेमकी तेव्हाच सत्यशीला दुकानाच्या पायरीवर येऊन उभी राहिली होती. तिनं ‘पाच लिटर’ ऐकलं होतं. 

आतल्या बाजूनं, परसदारातून, आवाज आला. “काय रं शेषेराव? काय मागून राहिली ती बाई कवाधरनं?”

ती शेषेरावांची आई, केवळाबाई. उत्तर सत्यशीलेनंच दिलं. तिला आता शब्दांचा वीट आला होता. “मावशी, मला लोकल नको, गावठी नको. तुमच्या घरातली लेकरं गोड म्हणून जे खातात ते पाहिजे, आणि तुम्ही चहा म्हणून जे पिता ते पाहिजे. दुसरं काही नको.”

“म्हंजी घरचं,” केवळाबाई म्हणाली. “आगं मंग आत ये की. घरचं दुकानात कसं गावंल?”

परसदारात चिंचेचा ढीग होता. मे महिना, झाडं नुकतीच झोडपलेली. केवळाबाई ढिगापुढं बसून चिंचा फोडत होती. टरफल एकीकडं, चिंचोका दुसरीकडं, गर पाटीत. बाजूच्या ताटात काळेभोर गोळे होते. चिंचेचा गर, गूळ, मीठ, जिरं आणि तिखट उखळात कुटून, वळून, प्रत्येक गोळा काडीला लावलेला.

“ही चाकलेटं,” केवळाबाई म्हणाली. तिच्या घरात तोंडात बराच वेळ टिकेल त्याला चाकलेट म्हणत. तिनं एक सत्यशीलेच्या हातात दिलं. सत्यशीलेनं ते तोंडात धरलं. तिचा डावा डोळा आपोआप मिटला, कान मागं सरकले, आणि ती काडी निघेपर्यंत बोलली नाही.

“आणि चहा?”

“पत्ती सरली न् म्हैस आटली.” केवळाबाईनं नहाणीच्या कडेचा गवती चहा उपटला, गुळाच्या पाण्यात उकळला आणि पितळीतून दिला. व्यंकटला वाटलं, मुन्नारकर काय वेगळं करत असतील? डोंगर तेवढा उंच.

“विकत द्याल का हे?” सत्यशीलेनं विचारलं.

“घरचं इकतेत व्हय?” केवळाबाई म्हणाली. “फोडंल त्याला देते मी.” आणि तिनं बसल्याजागेवरून एक दगड पुढं सरकवला.

सत्यशीलेनं पदर खोचला. व्यंकटकडं चिंचोके काढायचं काम आलं. धबधब्याला अर्धा तास पुरला होता, चिंचांना साडेतीन तास लागले. शेषेराव मधूनमधून डोकावून “साहेब, ह्यो चिंचोका ऱ्हायला” असं दाखवून जात, मघाच्या भीतीचं जणू व्याज वसूल करत. निघताना केवळाबाईनं अकरा चाकलेटं आणि गवती चहाची एक पेंढी सत्यशीलेच्या ओटीत घातली. मीठ बरोबर आहे का हे बघण्यात वाटेत तीन संपली.

रविवारी आठ जणी आल्या. आठ डावे डोळे मिटले. हॉलमध्ये इतकी शांतता पसरली, की आत गवती चहा उकळणाऱ्या व्यंकटला काळजी वाटून तो दारात आला. सगळ्या जिवंत होत्या. काड्या चाटून चाटून पांढऱ्या करणं चाललं होतं.

“चिंच आहे ही,” तनुजानं सगळ्यांत आधी काडी खाली ठेवली. “कुठल्या दुकानातून घेतलं, ताई? मी ऑनलाइन बघते.”

“दुकानात नाही मिळत. त्या बाई विकतच नाहीत.”

“मग तुम्हाला कसं दिलं?”

सातजणी सत्यशीलेकडं बघायला लागल्या. व्यंकट दारातच अडकला. सहलीला जाऊन परक्याच्या परसात साडेतीन तास चिंचा फोडल्या, हे सांगायचं कसं? सत्यशीलेच्या माहेरी त्या कामाला बाया रोजानं येत.

सत्यशीलेनं पदर सारखा केला. “वर्कशॉप केलं आम्ही,” ती म्हणाली. “चॉकलेटचं. अख्खी दुपार होतं.”

“अय्या!” कुणीतरी म्हणालं. “तनुजा, तुम्ही केलं का गं तिकडं?”

“आम्हाला फॅक्टरी दाखवली,” तनुजा म्हणाली. तिचा आवाज खालच्या मजल्यावर आला होता. “काचेतून.” मग थोडं थांबून, “सर्टिफिकेट देत असतील ना, ताई, वर्कशॉपचं?”

सत्यशीलेनं दोन्ही हात पुढं केले. दहाही बोटांची टोकं चिंचेनं काळी पडली होती, अंगठ्याला दगड लागलेला होता, आणि दोन दिवस घासूनही नखांतलं निघालं नव्हतं. बायका पुढं वाकून ते हात बघू लागल्या. तनुजानं तर एक बोट हातात धरून उजेडाकडं वळवलं.

व्यंकटनंही दारातून आपली बोटं पुढं केली. पण त्याच्याकडं कुणी बघितलं नाही, आणि आत चहा उतू गेला.