चिप कधी बसवावी

सकाळचे साडेपाच वाजले होते आणि रफल माऊसवर हात ठेवून पडद्यासमोर बसली होती. तिला स्वतःचाच राग येत होता. चाळिशीची बाई, मोसलच्या प्रयोगशाळेत रोज शंभर माणसांचं रक्त काढते, सुई टोचताना पापणी हलत नाही, आणि पडद्यावरच्या खोट्या विमानापायी जीव मुठीत धरून बसते! कुणी बघितलं तर काय म्हणेल?

पण ते विमान तिचं नव्हतं ना. सिनानचं होतं, तिच्या धाकट्या भावाचं. अकरा वर्षांपूर्वी तो जर्मनीला गेला आणि तेव्हापासून अंतराळाचा हा खेळ खेळतोय. गेल्या महिन्यात त्यानं पासवर्ड तिच्या हातात दिला, कारण त्याच्या मेंदूत गाठ निघाली होती. नेमकी बोलण्याच्या जागेला चिकटलेली. डॉक्टर म्हणाले, गाठ निघेल, पण वाचा राहील की जाईल ते आत्ता सांगता येत नाही.

ऑपरेशन काल झालं. रात्री त्याची बायको दुनिया फोनवर म्हणाली, "निघाली गं गाठ. अजून गुंगीत आहे. सकाळी उठवून बोलतं करून बघणार आहेत. मी लगेच कळवते." रफलला रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही.

पासवर्ड देताना सिनाननं बजावलं होतं. "काही करायचं नाही. माझा वैमानिक आपोआप शिकत राहतो, घड्याळावर. तू फक्त पुढच्या धड्यांची यादी भरायची. तळाबाहेर पाऊल टाकायचं नाही. आणि चिप तर अजिबात बसवायची नाही."

"चिप म्हणजे?"

"वैमानिकाच्या डोक्यात बसवतात. शिकणं भराभर होतं. पण ती बसवावी कुणी? ज्याला महिनोनमहिने तळात बूड टेकून बसायचंय, त्यानं. बाहेर पडायची वेळ येणार असेल तर नाही. मेलं की नवं शरीर फुकट मिळतं, पण चिपा गेल्या त्या गेल्या. कळलं का, शहाणे?"

कळलं होतं. तरी तिनं बसवल्या, एक नाही, पाच. त्याची खेळातली अकरा वर्षांची पुंजी त्यात घातली. का? तर मोठं विमान चालवण्याचा धडा ऑपरेशननंतर सहा दिवसांनी संपणार होता आणि चिपा बसवल्यावर ऑपरेशनच्या आदल्या दिवशी संपत होता. धडा आधी संपला तर सिनान सुखरूप उठेल, हे खूळ तिच्या डोक्यात शिरलं होतं. शिकलेल्या बाईचं हे खूळ! आईलाही सांगायची लाज वाटली. धडा वेळेवर संपला, ती हायसं वाटून रडली, आणि लगेच दुसरं खूळ शिरलं. आता वैमानिकाच्या केसालाही धक्का लागता कामा नये.

आणि आज पहाटे अबू ग़ैथचा निरोप आला. अबू ग़ैथ म्हणजे सिनानच्या टोळीचा म्होरक्या, मूळचा बसऱ्याचा, आता अम्मानला असतो. शत्रू सातपर्यंत तळ ताब्यात घेणार होता. आत राहिलेला कित्येक महिने आतच कोंडला जाणार.

"ताई, अंतराळातली तीन दारं ओलांडायची, की सुटलीस," तो हेडफोनमधून सांगत होता. "वैमानिकाच्या डोक्यात काही बसवलं नाहीस ना?"

"पाच."

"पाच! मोसलची असून इतकी उधळी? आम्ही तर ऐकत आलो, तुम्ही लोक चहात साखर मोजून घालता!"

"थट्टा नको हो, पुढे काय करू ते सांगा."

"बरं, बरं. एक सांग, आज तुमच्याकडे परीक्षा नाही ना? नाहीतर सरकार सहाला नेट बंद करेल."

रफलनं फ्रिजवर चिकटवलेल्या वेळापत्रकाकडे बघितलं. बारावीच्या पेपराच्या दिवशी, पेपर फुटू नये म्हणून, सकाळी सहा ते आठ अख्ख्या देशाचं नेट जातं. तिनं सगळ्या तारखा लाल पेननं गोल केल्या होत्या. "कालच होता पेपर. आज सुट्टी."

"मग निघ."

ती निघाली. पहिलं दार पार झालं. दुसऱ्या दारापाशी दोन लाल ठिपके दिसले, शत्रूची विमानं, आणि ती थबकली. "थांबू नकोस, जात राहा," अबू ग़ैथ म्हणाला. "शाब्बास! आता तिसरं. दाराशी पोचलीस की बटण दाब, पण त्याआधी नाही, समजलं? अजून थोडं. आता..."

आवाज तुटला. पडदा गोठला. भिंतीवरच्या घड्याळात बरोबर सहा वाजले होते.

"अबू ग़ैथ? ऐकू येतंय का? अहो!"

आई चहाचे दोन पेले घेऊन दारात उभी होती. "कुणाला हाका मारतेस? नेट गेलंय. शेजारची तिबा पेपरला निघाली ना."

"आज कुठला पेपर, यूम्मा? काल होता!"

"काल धुळीचं वादळ नव्हतं का? सरकारी सुट्टी दिली, पेपर आजच्यावर ढकलला. तू होतीस कुठे?"

कुठे होती? फोन कानाला लावून होती, मनानं जर्मनीत, ब्रेमेनच्या इस्पितळात. खिडकीबाहेरचं आकाश पिवळंजर्द झालेलंही तिला दिसलं नव्हतं. ती मटकन खुर्चीत बसली. लाल ठिपके, उघड्यावर उभं विमान, आणि आठपर्यंत काही म्हणजे काही कळणार नाही.

"दुनियानं कळवलं का?" आईनं विचारलं.

"कसं कळवेल? नेट नाही."

"मग साधा फोन लाव. तो लागतो की."

लागतो. रफलला माहीत होतं. फोन हातातच होता, नंबर पाठ होता. "बॅलन्स नाही," ती म्हणाली.

आईनं तिच्याकडे बघितलं. "परवाच तर मी भरून आणला."

मग आईनंच फोन उचलला, उलटा करून बघितला आणि परत टेबलावर ठेवला. "मलाही नाही होत गं," ती पुटपुटली. "वाचा गेली असं कुणी सांगितलं तर मी काय करू? पोराचा आवाज हेच काय ते राहिलंय माझ्याकडे."

तेव्हा रफलला उमगलं की पहाटेपासून आपण कशाला घाबरत होतो, आणि त्याला विमानाचं नाव देऊन बसलो होतो. भीती त्यानं कमी झाली नाही, उलट वाढली. तिचे दात वाजायला लागले, जूनच्या उकाड्यात! आईनं तिचा हात घट्ट धरला. चहाला कुणी हात लावला नाही. दोन तास दोघी घड्याळाकडे बघत बसल्या.

आठला पडदा जागा झाला. वैमानिक दूरच्या कुठल्यातरी तळावर नव्या कोऱ्या शरीरात उभा होता. डोक्याच्या पाचही जागा रिकाम्या. गेलं, तिला वाटलं, सगळं गेलं.

तेवढ्यात फोन थरथरला. सिनानच्या नंबरवरून आवाजी निरोप, एक्केचाळीस सेकंदांचा.

"दुनियाच असेल," रफल म्हणाली. "त्याच्या फोनवरून."

"असू दे. लाव."

"तू लाव."

आईनं बोटानं दाबलं. आधी नुसता श्वास ऐकू आला, बराच वेळ. मग, "गाढवे!"

आईनं तोंडावर हात ठेवला.

"विमान... फुटलं म्हणून... मला इथे... काय काय गेलं त्याचा... निरोप आलाय. कोणी... कोणी सांगितलं होतं तुला... ते... ते बसवायला? ते... डोक्यात... काय म्हणतात त्याला..." पुन्हा श्वास. "नाव... येत नाहीये गं." आणि निरोप संपला.

"कशाचं नाव येत नाहीये त्याला?" आई घाबरून विचारू लागली. "रफल, काय विसरला तो?"

रफल हसत होती की रडत होती, देव जाणे. तिनं सरळ साधा फोन लावला. दोनदा घंटी वाजल्यावर त्यानं उचलला.

"चिप, सिनान," ती म्हणाली. "त्याला चिप म्हणतात."

मग तो हळू, जुळवून जुळवून म्हणाला, "चि...प."

"हां. अजून एकदा म्हण."