मुरतं अंगण

बोर्ली पंचतनच्या बाजारपेठेत हुस्नबानूंच्या घराचं अंगण दुपारी नुसतं भाजायचं. एका बाजूला पत्र्याची वखार, दुसरीकडे दगडी भिंत, आणि पायाखाली फुफाटा. पण नातीचा, फिरोजाचा निकाह त्यांना इथेच करायचा होता. नवऱ्यामुलाच्या गावी केला, तर बैलगाडीचे हिसके म्हातारीच्या गुडघ्यांना सोसणार नव्हते. नातीचा निकाह आजीविनाच झाला असता. म्हणून जमीन करायला त्यांनी नामाला बोलावलं.

नामा पेणकडचा, मिठागरातला. मिठाच्या वाफ्याचा तळ असा चोपायचा की थेंबभर पाणी मुरू नये, हे त्याच्या अंगात मुरलेलं. अशा माणसाला जमीन करायला सांगितल्यावर तो दुसरं काय करणार? त्याने काळी चिकणमाती आणली, आठ दिवस तुडवली, फळीने चोपली. जमीन ताटासारखी गुळगुळीत झाली. स्वारी खूश!

वैशाखात वळवाची एक सर येऊन गेली. घटकाभराचीच, पण अंगणात घोटाभर पाणी साचलं ते दुसऱ्या दिवशीही हलेना. नेमका तेव्हाच नवऱ्यामुलाचा बाप नजमुद्दीन जागा पाहायला आला. "निकाह आमच्याकडंच करू," म्हणून निघून गेला.

"नामा," हुस्नबानू ओटीवरून म्हणाल्या, "माझ्या आंगनात मीठ पिकवतोस व्हय?"

नामाला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"चूक झाली, बीबी. धा दिस द्या. मी पुन्यांदा करतो."

त्याने सगळं उकरलं. खाली जांभ्या दगडाचे तुकडे भरले, त्यावर समुद्राची धुतलेली वाळू, वर जांभ्याचे चिरे. दोन चिऱ्यांमध्ये बोटभर फट, तीत फक्त वाळू. चिरे बसवायच्या पहिल्या दिवशी सवयीने त्याने चार फटी चिखलाने लिंपल्याच! मग स्वतःलाच शिव्या घालत उकरून काढल्या. जन्मभर पाणी अडवलेल्या माणसाने ते सोडून द्यायचं म्हणजे जिवावरच येतं.

अकराव्या दिवशी हुस्नबानूंनी नजमुद्दीनला मुद्दाम भर दुपारी बोलावलं आणि विहिरीवरून चाळीस घागरी आणून अंगणात ओतवल्या. पाणी पसरलं. नामाचे हात फटी बुजवायला शिवशिवले. त्याने ते पाठीमागे घट्ट धरले. सुर्र सुर्र करत पाणी फटींतून खाली गेलं. ओल्या जांभ्यातून गारवा वर येऊ लागला.

हुस्नबानू काठी टेकत उतरल्या, चपला काढल्या आणि अनवाणी अंगणाच्या मधोमध जाऊन उभ्या राहिल्या. डोळे मिटून त्यांनी सुस्कारा सोडला.

"या अल्ला, काय थंड वाटतंय!"

नजमुद्दीननेही जोडे काढले, दोन पावलं चालून पाहिलं आणि पसंतीने मान डोलावली.

गळकी जमीन करून आपल्याला इतका आनंद होईल, असं कुणी सांगितलं असतं तर नामाने त्याला वेड्यात काढलं असतं.

"नामा, बघत काय उभा ऱ्हायलास?" म्हातारी म्हणाली. "फिरोजाला हाक मार. तिला सांग, निकाह हितंच हाय, नि मी हाय."