एका मादीचे वर्णन

फाल्गुन सरत आला की केगदच्या घाटातले डोंगर पिवळे होत, तृणशुष्क होत, तहानलेले होत; आणि त्या पिवळ्या उतरणीवर एकच झाड पेटल्यासारखे उभे राही. धूपाचे झाड. जुनी पाने गळून गेलेली. नवी पाने रक्तवर्ण, कोवळी, ओलसर तकाकीची. खोडावरच्या जखमांतून काळसर राळ ओघळलेली, आणि भर दुपारी त्या राळेचा गंध दरीभर मंद मंद पसरलेला.

त्या रक्तपर्णी झाडाखाली, ऐन तारुण्यात, त्र्यंबक आठल्ये यांना एक भुंगेरा सापडला होता.

एकच. आणि नर.

आठल्ये महाविद्यालयात प्राणिशास्त्र शिकवत; पण जीव भुंगेऱ्यांत. लोक ज्याला नुसता किडा म्हणत, त्यात त्यांना कुळे दिसत, गोत्रे दिसत, दूरदूरची सोयरीक दिसे. शृंगिका, म्हणजे मस्तकावरच्या त्या दोन बारीक मिशा, पंख्यासारख्या उलगडतात की करवतीसारख्या दातेरी असतात. पाठीवरची कवचे आरशासारखी गुळगुळीत की खळग्याखळग्यांची. पोटाचा शेवटचा पट्टा गोलसर की कातरलेला. एवढ्याशा वळणावर एक जात दुसरीपासून विलग होई, केसाएवढ्या खाचेवर घराणे बदले.

त्या नराशी हुबेहूब जुळणाऱ्या दोन जाती शास्त्राला आधीच ठाऊक होत्या. नर सारे सारखे, पोटाचा शेवटचा पट्टा कातरलेला; वेगळेपण धारण करत त्या माद्या. मादी सापडली तर हा भुंगेरा नवा ठरणार होता. नाही सापडली तर तो दुसऱ्याच कुणाच्या नावाखाली, निमूट, नाहीसा होणार होता.

मादी सापडली नाही. फाल्गुन आले, फाल्गुन गेले. त्या झाडाखाली आठल्ये उभे राहिले, बसले, वृद्ध झाले. वाट पाहणारे डोळे आधी धूसर झाले, मग दुधाळ झाले, मग विझले.

मैथिली राऊळ ही त्यांची अखेरची विद्यार्थिनी. लग्न झाले नाही, मोठ्या शहरातली नोकरी तिने सोडली, आणि सरांच्या गावातल्या शाळेत शिकवत राहिली ती या एका झाडासाठी. दर फाल्गुनात ती घाट चढे. दर फाल्गुनात रिकाम्या हाताने उतरे आणि पडवीत बसलेल्या सरांना म्हणे, "झाड फुटलंय, सर. लालभडक." एवढेच सांगण्यासारखे असे.

मग घाटातला रस्ता रुंद करायचे ठरले.

ती पोहोचली तेव्हा करवत थांबली होती. रक्तवर्ण पाने लाल मातीत निपचित पडली होती, आणि माती कुठली, पाने कुठली, ते ओळखू येत नव्हते. मुकादम बाळगो नाईक डोक्याचा टॉवेल सोडून घाम पुशीत उभा होता. तिच्या चेहऱ्याकडे पाहून तो ओशाळला.

"बाई, झाड ऱ्हवात काय पडात, ता माझ्या हातात नाय," तो म्हणाला. "ओंडको व्हयो तर सांगा. टेम्पोत घालून देतंय."

तिने ओंडका मागून घेतला. जमतील तेवढे सारे मागून घेतले.

कारण हे भुंगेरे लाकडात जन्मतात. मादी सालीच्या भेगेत अंडी घालते. अळी आत शिरते, अंधार खात खात, वर्षानुवर्षे. आणि एक दिवस पंख फुटून बाहेर पडते. त्या ओंडक्यांत कुणी असेल. कुणी जागे असेल. त्या निष्प्राण, गंधगर्भ, राळभरल्या काष्ठात कुणी तरी अजून चालत असेल.

सरांच्या पडवीत ओंडके मांडले, वरून मच्छरदाणी टाकली. आणि ज्याला दिसत नव्हते त्या म्हाताऱ्याने पहिल्याच सकाळी ओंडक्याला कान लावला.

"मैथिली," ते म्हणाले, "खातायत."

तिनेही कान लावला. आत, दूर, अगदी सूक्ष्म, कुरकुर ऐकू येत होती. वाळूवर वाळू सरकावी तशी. त्या दिवशी दोघांनी चहा दोनदा केला आणि दोन्ही वेळा तो तसाच गार झाला.

पण काष्ठही मरते. मुळांपासून तुटलेले, पावसाळ्याच्या दमट वाऱ्यात ठेवलेले लाकूड आतून बुरसू लागले. पांढरी, रेशमी, घातकी बुरशी. तिने ओंडके उन्हात ठेवले, पुसले, झाकले, उघडले. सर रोज कान लावत. रोज एखादा ओंडका मुका होई. "इथे आता कुणी नाही," असे म्हणून ते हात फिरवत, आणि पुढच्या ओंडक्याकडे सरकत. आश्विनात एकच ओंडका बोलत राहिला. आणि त्यात एकच आवाज.

दुसरीकडे धूपाची झाडे नव्हती असे नाही. लांबच्या रानात होती. कोवळी, सडपातळ, मनगटाएवढ्या खोडांची. त्यांच्या खोडांवर तिने वर्षानुवर्षे भुंगेरा बाहेर पडल्याचे छिद्र शोधले होते. अशा बालवृक्षांत हा भुंगेरा राहत नाही, हे तिला माहीत होते. माहीत असूनही ती पुन्हा गेली, पुन्हा शोधले, पुन्हा परतली.

पुढच्या चैत्रात, कोवळ्या उन्हाच्या वेळी, लाकडाला एक लंबगोल दार उघडले. त्यातून मस्तक आले. मग मानेवरची ढाल. मग सारा देह.

"सर," मैथिली म्हणाली, आणि तिने मच्छरदाणी वर केली.

"शेवटचा पट्टा," सर कुजबुजले. "आधी शेवटचा पट्टा बघ."

तिने भिंग धरले. "कातरलेला नाही, सर. टोकाला निमुळता होत गेलाय. त्रिकोणी. मधोमध एक बारीक कंगोरा."

म्हातारा भिंतीला टेकला. "मादी," तो म्हणाला. "आणि त्या दोघींसारखी नाही." मग एखाद्या मुलाने गोष्ट मागावी तसे म्हणाला, "आता सावकाश सांग. वरपासून."

आणि तिने सांगितले. मस्तक ताम्रवर्ण, कपाळावर उथळ खळी. शृंगिका दातेरी, आरंभी हिरव्या, टोकाकडे काळवंडत गेलेल्या. ग्रीवेची ढाल रुंद, कडांना अग्निवर्ण, मध्ये मोरकंठी. पाठीची कवचे हिरवी. पण कुठले हिरवे, सर, ते सांगता येत नाही. हललं की निळं होतं. वळलं की सोनं होतं. कवचावर खळग्यांच्या ओळी, प्रत्येक खळग्यात पांढुरकी धूळ. डोळे मोठे, तपकिरी, लांबट.

"ती बघतेय?" सरांनी विचारले.

"बघतेय."

तिने मादीला जाळीच्या पेटीत ठेवले, लांबच्या रानातून कोवळी पाने आणून घातली. ती पानांच्या कडा कुरतडत राही, उन्हाच्या चौकोनात येऊन बसे, शृंगिका उंचावून हवेत काही तरी चाचपत राही. हवेत कुणी नव्हते. साऱ्या दरीत, साऱ्या डोंगरांत, तिच्या जातीचे कुणी नव्हते. मैथिली त्या उंचावलेल्या शृंगिका पाहत बसे आणि शाळेला उशीर होई.

एका दुपारी सर म्हणाले, "आता बाटलीत घाल."

नव्या जातीला नाव द्यायचे तर एक देह लागतो. मृत, अभंग, टाचणीवर टोचलेला, पुढच्यांना ताडून पाहण्यासाठी जपलेला. फाटत आलेले पंख, झिजलेल्या शृंगिका, तुटलेले पाय चालत नाहीत. मैथिलीला हे सारे ठाऊक होते. तिने आयुष्यात शेकडो भुंगेरे बाटलीत घातले होते.

"ही एकच आहे, सर."

"म्हणून तर."

"राहू दे ना तिला. जगेल तितकी जगेल."

"आणि मग?" सरांचा आवाज चढला नाही. "एक दिवस पाय झडून मरेल. मुंग्या नेतील. तू आणि मी पण जाऊ. मग ती कधी नव्हतीच, मैथिली. बाटलीत घातलीस, तर ती होती."

होती. एवढेच. आहे म्हणण्याची वेळ टळून गेली होती. असेल म्हणण्याची जागा डांबराखाली गेली होती. या साऱ्या शोधाला, साऱ्या फाल्गुनांना मिळू शकत होते ते एवढे एकच क्रियापद.

मैथिलीने बाटली आणली. तळाशी कापूस, कापसावर नखांचा रंग पुसायच्या द्रवासारखा गोडसर, झोंबणारा वास. मादी तिच्या बोटावर चढली, बोटाच्या टोकापर्यंत आली, कवचे किंचित उघडली. उडायचे असते तर ती त्या क्षणी उडाली असती. मैथिलीने तो क्षण जाऊ दिला; थोडा लांबवलाही. मादी उडाली नाही.

झाकण लावले गेले.

पुढे ते वर्णन छापून येणार होते. जात नवी ठरणार होती. आढळ या शब्दापुढे मैथिली लिहिणार होती, एक झाड. आणि त्यापुढे, ते झाड आता नाही. देशोदेशीचे चार-दोन जाणकार ते वाचणार होते आणि पान उलटणार होते.

पण ते पुढे. त्या सायंकाळी, ऊन पडवीच्या पायरीवरून उतरत असताना, तिने बाटली उघडली. मादी उताणी पडली होती, पाय छातीशी दुमडलेले, हिरवेपण तसेच. आणि पोटाच्या त्या निमुळत्या टोकापाशी, कापसाच्या तंतूंत गुंतलेले, खसखशीएवढे, शुभ्र, काही दाणे होते.

"काय झालं?" तिचा श्वास ऐकून सरांनी विचारले.

"अंडी घातलीत, सर. मरता मरता."

त्यांचा हात वाऱ्याने हलावा तसा पुढे आला. क्षणभर त्या विझल्या चेहऱ्यावर काही उजळले. आणि त्यांना आठवले.

"नराशिवायची," ते म्हणाले.

"हो."

"त्यांतून काही नाही व्हायचं."

"नाही, सर."

मग त्यांनी तळहात पसरला. "दे."

तिने चिमट्याने एकेक दाणा उचलला, एकेक त्या सुरकुतल्या तळहातावर ठेवला.

"ठेवलीस?"

"ठेवली."

त्यांना काही दिसत नव्हते; आणि त्या दाण्यांना वजन नव्हते. ऊन पायरीवरून अंगणात गेले, अंगणातून गेले, आणि तो हात उघडाच राहिला. काहीच न जाणवणारा, काही केल्या न मिटणारा, उघडाच.