क्वेंगचा बाप

मुयेपे लाए शहराहून आला तो काळा चष्मा लावून. ज्या रानात भरदुपारीही पाय बघून टाकावा लागतो, तिथं काळा चष्मा. हा काही राहायला आलेला नाही, हे डोर्कासने तेव्हाच ओळखलं.

तो तिचा धाकटा दीर. दिराचं नाव तोंडातून काढायचं नाही, हा डोंगरातला नेम; म्हणून ती त्याला 'लाएवाले' म्हणायची आणि त्या चार अक्षरांत मावेल तेवढा कडूपणा भरायची. दहाव्या वर्षी काकाबरोबर शहरात गेलेला हा माणूस थोरल्या भावाच्या मातीलासुद्धा आला नव्हता. भाऊ जाऊन चार वर्षं झाल्यावर आता त्याला कड्यावरच्या रानाचा उमाळा आला होता. उमाळा कसला, लाकूडवाल्या कंपनीला सही हवी होती. त्याच्याजवळच्या कागदावर लिहिलं होतं, 'जमिनीचा पापा: मुयेपे'. आमच्याकडे बापाला पापा म्हणतात आणि मालकालाही पापाच. गावाने मान्य केलं की सही, आणि सही झाली की करवती.

सोबत त्याने डबाबंद माशांची दोन खोकी आणली होती. गावाने मासे खाल्ले आणि मिठाची गुळणी धरून बसलं. डोर्कासला दिरापेक्षा गावाचाच जास्त राग आला. रान तिच्या सासऱ्यांचं. नवऱ्यामागे दोन मुलींना घेऊन तीच ते राखत होती. पण बाहेरून आलेल्या सुनेला कोण विचारतो?

गावचा न्याय म्हातारा सिओनेके करायचा. शनिवारी त्याने सुरूच्या झाडाखाली बैठक बसवली. कागद त्याने मांडीखाली सारला. त्याची रीत जुनी होती: ज्याला रान हवं, त्याने रानातलं असं काहीतरी सांगायचं, जे तिथं राहिल्याशिवाय कळत नाही.

लाएवाले तयारी करून आले होते. सीमेवरचे दगड, आज्या-पणज्यांची नावं, सगळं घडाघडा म्हणून दाखवलं. पाठांतर चांगलं होतं, पोपटाचंही असतं. तिथंच थांबले असते तर रान गेलंच होतं. पण चार माना डोलताना पाहून त्यांना चेव आला, आणि स्वारी क्वेंगवर घसरली. क्वेंग म्हणजे कड्यावरच्या पाचोळ्यात राहणारा, अंगठ्याएवढा तपकिरी बेडूक.

"आमच्या रानात क्वेंगची माय अंड्यांवर बसते," मुयेपे म्हणाला. "शेपटीवाली पिल्लं झाली की ओढ्यात सोडते. मी आणि दादा ओंजळीने धरायचो."

मागे कुणीतरी फिस्सकन हसलं. मुयेपेला ते कौतुक वाटलं. शहरातल्या शाळेत भिंतीवर बेडकाचं चित्र असतं: आधी अंडी, मग शेपटी, मग पाय. गड्याने ते चित्र उचलून थेट डोंगरावर आणून टांगलं होतं.

डोर्कासला बोलता येणार होतं ते फक्त साक्षीदार म्हणून. तिने कपाळावर अडकवलेली जाळीची पिशवी उतरवून खाली ठेवली.

"भावोजी, कोणता ओढा?"

कड्यावर ओढाच नव्हता. पाणी तिने आणि मुलींनी बांबूच्या नळ्यांत भरून खालून वाहिलं होतं.

"क्वेंगच्या पिल्लाला शेपटी नसते. अंड्यातून निघतं ते चार पायांनिशी, बेडूक होऊनच. आणि अंड्यांवर माय नाही बसत. ती घालते नि जाते. बसतो बाप. खाणं सोडून बसतो, मुंग्या हाकलतो. पिल्लं निघाली की पाठीवर घेऊन हिंडतो, एक इथं उतरव, दोन तिथं. तुम्हाला कसं ठाऊक असणार म्हणा. तुमची दोघं लाएमध्ये कुणाच्या पाठीवर आहेत?"

मुयेपेने पोरं बायकोच्या गळ्यात टाकून दुसरा संसार मांडला होता, ही बातमी ट्रकवाल्यांनी केव्हाच डोंगरावर पोचवली होती. त्याने चष्मा काढला, पुसला, परत लावला.

सिओनेकेने सुपारीची लाल पिंक टाकली आणि शेजारी वही घेऊन बसलेल्या कारकुनाला सांगितलं, "लिही. रानाचा पापा, डोर्कास."

"आजोबा, बाई पापा कशी होईल?" मुयेपे म्हणाला. "कधी ऐकलंय का असं?"

"आत्ताच ऐकलं की. जो बसतो तो पापा. तू गेलास, ही बसली." म्हाताऱ्याने मांडीखालचा कागद काढून त्याच्या हातात दिला. "पटत नसेल तर जा, क्वेंगशी भांड. ओढ्याकाठी भेटेल तो."

सगळं सुरूचं झाड हसलं. डोर्कास तेवढी हसली नाही. पिशवी कपाळाला अडकवता अडकवता ती एकेक तोंड पाहून घेत होती. ज्यांनी मासे जास्त खाल्ले होते, तेच पोट धरधरून हसत होते.