हॉइस्टखालचा हात

तंत्रशाळेच्या कार्यशाळेत मास्तरांचा एक नियम काळ्या दगडावरच्या रेघेसारखा होता. टांगलेल्या वजनाखाली ज्याचा हात, शब्द त्याचाच. बाकीच्यांनी तोंडाला कुलूप लावायचे. साखळीने वजन उचलणाऱ्या हॉइस्टचे बटण धरणाऱ्याला इंजिनाच्या धुडाआड पलीकडचे काही दिसत नसे. खालच्याचा आवाज ओळखायचा आणि त्याने ‘सोड’ म्हटले की वजन उतरवायचे, एवढेच त्याचे काम.

त्या दिवशी हात होता मास्तरांच्या भाचीचा. तिच्या जिभेवर शब्द अडखळत येत. वर्गातल्या एका पोराला सगळे भोंगा म्हणत; त्याचा आवाज मैदानापलीकडे जाई, आणि तिच्या अडखळण्याची नक्कल तो इतकी हुबेहूब करी की पोरे पोट धरून हसत. मास्तर कानाडोळा करीत. पोरेच ती, कंटाळतील आपोआप, असा त्यांचा हिशेब.

भाची टांगलेल्या इंजिनाखाली लाकडी ठोकळे नीट बसवत होती.

“काय गं खडखडे, आज उतरवायचंय की पुढच्या वर्षी?” भोंगा कुजबुजला. हशा पिकला. त्यावर कडी करायची म्हणून त्याने तिच्याच आवाजात सूर लावला, “स... स... सोड!”

पलीकडे बटणावर काटकुळी नावाने ओळखली जाणारी मुलगी होती. तिने विश्वासाने बटण दाबले.

अक्रोड फुटावा तसा आवाज झाला आणि पाठोपाठ किंकाळी. मास्तरांनी धावत येऊन इंजिन वर घेतले. दोन बोटे ठेचून ठोकळ्याला चिकटली होती. नखे उलटली होती, रक्त तेलात मिसळून काळे झाले होते. मास्तरांनी हात फडक्यात आवळून बांधला आणि दवाखान्याची गाडी बोलावली. डॉक्टर फोनवर म्हणाले, “वेळेत आणा. बोटं वाचतील.”

“कोण बोललं ते?” मास्तर गरजले.

पोरांच्या नजरा भोंग्याकडे वळल्या. तो पांढराफटक पडला होता. “सर, मी हातसुद्धा लावला नाही. नुसतं बोललो.”

मास्तरांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पहिल्या थपडेत भोंग्याचा ओठ फाटला, दुसरीत तो बाकावर आपटला. मानगूट धरून त्यांनी त्याला फरफटत नेले, त्याचा पंजा इंजिनाखाली दाबून धरला आणि वायरीला लोंबणारे बटण ओढून स्वतःच्या हाती घेतले.

“मीही हात लावत नाही, लेका! नुसतं बोलतो. कुणाच्या आवाजात बोलू, सांग!”

“सर, नको! आईशप्पथ, परत नाही करणार!”

“मामा... ग... ग...” भिंतीला टेकलेली भाची म्हणाली.

“तू गप्प बस! आज याला शिकवतोच.”

“ग... ग...”

इंजिन बोटभर खाली आले. भोंगा गुरासारखा ओरडला. कुणी पुढे होईना; शेवटी काटकुळीनेच मास्तरांच्या मनगटाचा कडकडून चावा घेतला. बटण सुटले. भोंगा हात ओढून कोसळला.

“गाडी,” भाचीच्या तोंडून अखेर शब्द बाहेर पडला. “म... मागच्या फाटकाला.”

तेव्हा कुठे सर्वांना ऐकू आले. मागच्या बंद फाटकाबाहेर हॉर्न वाजत होता, आणि आता तो दूर चालला होता. मास्तरांनी हाक मारायला तोंड उघडले, पण घशातून नुसती हवा आली. भोंगाच धडपडत खिडकीशी गेला आणि रक्त थुंकून ओरडला, “ओ गाडीवाले! थांबा! इकडे, इकडे!”

गाडी वळली.

स्ट्रेचरबरोबर मास्तर चालू लागले. “मामा,” भाची म्हणाली, “त्याच्या ओ... ओ...”

या खेपेस ते थांबले. शब्द पुरा होईपर्यंत त्यांनी पाऊल उचलले नाही.

“...ओठाला टाका लागेल. त्यालाही घ्या.”

एक बोट वाचले. दुसऱ्याला उशीर झाला होता.

“शाळा तर हाकेच्या अंतरावर,” डॉक्टर हातमोजे काढत म्हणाले. “मग एवढा वेळ कशात गेला?”

दवाखान्याच्या बाकावर भोंगा सुजलेला ओठ धरून बसला होता. मास्तरांनी त्याच्याकडे पाहिले.

“शिकवण्यात,” ते म्हणाले.