कोपरात अडकलेलं शेपूट

काकांना काका हे नाव प्रयोगशाळेतल्या पोरांनी ठेवलं. पंचेचाळिशी उलटलेली, केस निरोप घेऊन गेलेले आणि नोकरी अजून कंत्राटी. अशा माणसाला पोरं दुसरं काय म्हणणार? पाच शहरं झाली, पाच कंत्राटं झाली. दरवेळी पलंग सोडवायचा आणि नव्या गावात जोडायचा. दर जोडणीत एखादा स्क्रू कमी पडायचा, त्यामुळे आता कूस बदलली की काकांच्या आधी पलंगच कण्हायचा.

पाचव्यांदा पलंग जोडताना बायको म्हणाली होती, "हे शेवटचं हं. सहाव्या वेळी तू एकटा जा. मी आणि पोरगी माझ्या बाबांकडे राहू."

चिडून म्हणाली असती तर काकांनी मनावर घेतलं नसतं. पण येताना साबण आण, असं सांगावं तसं तिनं ते सांगितलं, आणि पुढचा स्क्रू पिळायला घेतला.

सासऱ्यांचा फोन आला की त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असायचा. "काय जावईबापू, शिक्षण संपलं का?"

या वेळी मात्र ते संपायची चिन्हं होती. विभागाच्या मॅडमनी शब्द दिला होता, की हा निबंध मोठ्या नियतकालिकात गेला की काकांची जागा कायम.

निबंध होता एका एन्झाइमवर. पेशीला एखादं प्रथिन मोडीत काढायचं असलं की त्याच्या अंगावर युबिक्विटिन नावाचं चिमुकलं प्रथिन चिकटवलं जातं. चिठ्ठी लागली की रवानगी थेट भरडायच्या यंत्रात. पण पेशीतही हुकूम फिरवले जातात. तेव्हा ती चिठ्ठी काढून टाकायला दुसरी एन्झाइमं असतात, आणि काकांचं एन्झाइम त्यांतलंच एक. दिसायला उजव्या हातासारखं. बोटं, तळवा, अंगठा, सगळं जागच्या जागी. पंजात युबिक्विटिन चपखल बसतं. ते बसेपर्यंत आतली कात्री तिरकी पडलेली असते. चिठ्ठी मुठीत आली की पाती सरळ होतात आणि कचकन कापतात.

इथवर जगाला ठाऊक होतं. पण चिठ्ठी सगळ्यांची सारखीच, मग कुणाची काढायची आणि कुणाला मरू द्यायचं, हे त्या पंजाला कळतं कसं? काकांनी या गावातली सगळी वर्षं या प्रश्नात घातली आणि उत्तर सापडलं ते कोपरात. पंजाच्या मागे, कोपराशी एक खोलगट खळगा होता, आणि एन्झाइमचा स्फटिक करून क्ष-किरणांनी काढलेल्या चित्रात एका ठरावीक प्रथिनाचं टोक त्या खळग्यात रुतलेलं दिसत होतं. म्हणजे हे एन्झाइम कोपरानं ओळखतं आणि पंजानं सोडवतं! मॅडमनी भर बैठकीत टाळ्या वाजवल्या. संचालकांना त्यातलं 'हात' तेवढं कळलं, पण ते सगळ्यांत जास्त खूश झाले. "दर्शनी दालनात याचा पुतळा उभा करा," म्हणाले.

पुतळेवाल्याला कुणीतरी फोनवर 'हातासारखं काहीतरी' एवढंच सांगितलं. त्यानं पुरुषभर उंचीचा फोमचा हात करून आणला, त्याला गुलाबी रंग दिला आणि बोटांना नखंसुद्धा लावली. काका म्हणाले, "अहो, एन्झाइमला नखं नसतात." पुतळेवाला दुखावला. "साहेब, नखांचे पैसे मी वेगळे लावले नाहीत." संचालकांना नखं फार आवडली. नखं राहिली. कोपराशी खळगा तेवढा काकांनी सांगून कोरून घेतला.

उद्घाटनाच्या आदल्या आठवड्यात नव्या स्फटिकाचं चित्र आलं. पहिलं चित्र धुरकट होतं, हे लख्ख होतं. खळग्यात रुतलेलं ते टोक काकांनी मोठं करून पाहिलं. प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांच्या कड्यांची साखळी, आणि तिथे एकामागोमाग एक सारख्याच कड्या दिसत होत्या. त्या प्रथिनाच्या टोकाला मुळात अशा कड्या नव्हत्याच. अशा कड्या एकाच ठिकाणी होत्या, आणि त्या काकांनी स्वतःच्या हातानं जोडल्या होत्या.

प्रथिनं जिवाणूंकडून करून घ्यायची असतात. त्या गढूळ पाण्यातून आपलं प्रथिन वेगळं काढता यावं म्हणून त्याला आपणच एक शेपूट लावायचं, हिस्टिडीनच्या सहा कड्यांचं. निकेल लावलेले मणी तेवढं शेपूट पकडून ठेवतात आणि बाकीचं वाहून जातं. काम झालं की शेपूट कापायचं. काकांनी ते कापलं नव्हतं, कारण कापताना निम्मा माल वाया जात होता. मॅडम म्हणाल्या होत्या, "राहू दे की रे. एवढंसं शेपूट, कुणाच्या अध्यात ना मध्यात."

काकांनी शेपूट कापून प्रयोग पुन्हा केला. एन्झाइमनं त्या प्रथिनाकडे ढुंकूनही पाहिलं नाही. मग डोकं फिरल्यासारखं त्यांनी तेच शेपूट जेलीफिशच्या चमकणाऱ्या प्रथिनाला लावलं. जेलीफिशचा आणि त्या एन्झाइमचा सात पिढ्यांचा संबंध नाही, तरी एन्झाइमनं त्याला कोपरानं असं कवटाळलं, की जत्रेत हरवलेला भाऊच भेटला.

उद्घाटनाच्या सकाळी काका दोन्ही चित्रं घेऊन मॅडमच्या खोलीत गेले. मॅडमनी ती पाहिली, चष्मा काढून पुसला आणि परत पाहिली.

"दार लाव."

काकांनी दार लावलं.

"शेपटाच्या मदतीनं ओळखत असेल," मॅडम म्हणाल्या.

"मॅडम, शेपूट आपण लावलंय."

"मला सांगतोस? मीच म्हटलं होतं ना कापू नकोस म्हणून!" त्या खुर्चीत मागे टेकल्या. मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "आज उद्घाटन होऊ दे. मग बघू."

"निबंध उद्या जातोय."

"म्हणूनच म्हणतेय, मग बघू. तुझी जागा कशावर उभी आहे, माहितीये ना तुला?"

माहीत नसायला काय झालं? दालनात पहिल्या रांगेत बायको आणि पोरगी येऊन बसल्या होत्या. बायकोनं ठेवणीतली साडी नेसली होती आणि शेजारच्या बाईला ती काहीतरी सांगत होती. सांगताना तिनं काकांकडे बोट दाखवलं आणि हसली. असं हसलेली तिला काकांनी शेवटचं कधी पाहिलं होतं, ते त्यांना आठवेना.

संचालकांनी पडदा ओढला, टाळ्या झाल्या. मग ते म्हणाले, "आता हे एन्झाइम मला ओळखतं का बघू!" आणि त्यांनी कोपराच्या खळग्यात मनगटापर्यंत हात घातला. लोक हसले. फोटो निघाले. संचालकांनी हात बाहेर ओढला, पण तो येईना. घड्याळाचा पट्टा आत फोममध्ये अडकला होता.

"ओळखलं, ओळखलं साहेबांना!" मागून कुणीतरी ओरडलं.

शिपायानं कमरेला धरून ओढलं, हिशेबनिसानं शिपायाला धरलं. कुणी साबण आणायला पळालं, कुणी तेल. साहेबांचं कपाळ पुतळ्यापेक्षा गुलाबी झालं. या धांदलीत मॅडमनी काकांच्या हातात माइक कोंबला. "तोवर दोन शब्द बोल. लोकांना गुंतवून ठेव."

काका बोलू लागले. चिठ्ठी सांगितली, पंजा सांगितला, तिरकी कात्री कशी सरळ होते ते सांगितलं. लोक ऐकत होते, पोरगी तर मान पुढे काढून. मग ते कोपरापाशी आले. 'कोपरानं ओळखतं आणि पंजानं सोडवतं', एवढं एकच वाक्य बाकी होतं. ते त्यांनी आरशासमोर कितीदा तरी म्हटलं होतं आणि पाठ होतं. तोंड उघडलं, पण वाक्य येईना. त्यांनी बायकोकडे पाहिलं. बायकोनं मान हलवली, बोल ना, म्हणून.

"पंजाचं सगळं खरं आहे," काका म्हणाले. "कोपराचं चुकलं. हा खळगा कुणालाच ओळखत नाही. आम्हीच लावलेलं शेपूट त्यानं धरलं होतं. ते कापलं की तो रिकामा."

 पुतळ्यापाशी अडकलेल्या संचालकांचा आवाज आला. "म्हणजे? मग मला कशाला धरलंय यानं?"

शेवटी वीजतंत्री करवत घेऊन आला आणि त्यानं कोपर कापलं. संचालक मनगटात गुलाबी फोमचं कडं घेऊन गाडीत बसले.   मॅडम जिन्यात थांबून काकांना म्हणाल्या, "मला आधी सांगायचंस तरी, की तू बोलणार आहेस." काका म्हणाले, "मलाच माहीत नव्हतं हो." ते खरं होतं, पण मॅडमना ते पटलं नाही.

निबंध गेला नाही. जागा मात्र गेली. 'हा खळगा काहीच ओळखत नाही' असा एक छोटा निबंध काकांनी एकट्यानं लिहून पाठवला. यात नवीन काय, असं विचारून संपादकांनी तो परत केला. सहाव्या शहरातून एका वर्षाचं कंत्राट आलं.

बायको सगळं ऐकून घ्यायची आणि हातातलं काम करत राहायची. एका संध्याकाळी इस्त्री करता करता तिनं विचारलं, "तू गप्प बसला असतास, तर कुणाच्या लक्षात आलं असतं?"

"आलं असतं. दोन-तीन वर्षांनी, कुणाच्या तरी."

"दोन-तीन वर्षांत पोरीची शाळा संपली असती."

 एन्झाइमबद्दल कुणी काहीही विचारलं असतं तरी काकांनी सांगितलं असतं.

"मी वाईट म्हणत नाही तुला," ती म्हणाली. "तू खरं बोललास. पोरगी सगळ्या मैत्रिणींना सांगत सुटलीये, माझे बाबा माइकवर खरं बोलले म्हणून. पण मी आता परत सामान बांधणार नाही रे. माझ्यानं होत नाही."

तिनं इस्त्रीची वायर काढली. घडी केलेले शर्ट एकावर एक नीट रचले आणि बॅगेत भरले. सगळे शर्ट काकांचेच होते. बॅगही एकच होती.